भरीची शून्यं

संघमित्राने कुंदनच्या लॅपटॉपची केबल ओढून काढली आणि आपल्या मशीनला लावली. साठवणुकीच्या यंत्राकडे एक बाइटपासून शंभर बाइटांपर्यंतचे माहितीचे शंभर तुकडे धाडले, शंभरही बिनबोभाट पोचले. कुंदनच्या प्रोग्रॅममधून धाडले तेव्हा मात्र पंचवीसच पोचले होते. पंचाहत्तर परत आले आणि प्रत्येकावर एकच शेरा होता, 'चेकसम जुळत नाही'.

चेकसम म्हणजे माहितीसोबत जाणारा पडताळणीचा आकडा. पाठवणाऱ्याने काढलेला आणि साठवणाऱ्याने काढलेला जुळला, तरच माहिती शाबूत. महापेच्या त्या कंपनीत साठवणुकीच्या यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम संघमित्राने लिहिले होते आणि त्यांवर तिचा भारी जीव होता. कुंदन उरणहून येणारा, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवरचा. त्याला कायम करायचं की नाही, हे तिच्या आजच्या अहवालावर ठरणार होतं.

तिला तो पहिल्यापासून खटकत होता. आधी स्पर्धक कंपनीत होता, फोन आला की उठून जिन्यात जायचा. सगळेच तुकडे नापास झाले असते तर अडाणीपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण बरोब्बर पाव हिस्सा पास? नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

"कोडमध्ये काय केलंयस, कुंदन?"

"नियमात लिवलंय तसंच, मॅडम."

"मग माझं कसं चालतं?"

तो जरा घुटमळला. "तुकडा चार बाइटांच्या पटीत नसला की शेवटी शून्यं भरतो ना आपन, ती मी चेकसममध्ये धरत नाय. नियमात 'सगळी माहिती' म्हटलंय. भरीची शून्यं काय माहिती हाय?"

चाराची पट! शंभरात पंचवीस. संशयाच्या नादात तिने तुकड्यांच्या लांब्या पाहिल्याच नव्हत्या. तरीही ती मागे हटली नाही.

"मग विचारायचं नाहीस?"

"विचारलेलं."

धडधडीत खोटं, तिला वाटलं. ते पकडायचंच म्हणून तिने नियमांच्या दस्तऐवजातल्या, उत्तर देऊन मिटवलेल्या शंका उघडल्या. त्या फक्त तिलाच दिसायच्या. त्याच्या पहिल्याच आठवड्यातली शंका तिथे होती: 'भरीची शून्यं चेकसममध्ये धरायची का?' खाली तिचं उत्तर होतं: 'उघड आहे.' आणि शंका मिटवलेली.

एवढी शरम संघमित्राला कित्येक वर्षांत वाटली नव्हती. स्क्रीनवरची ती खिडकी बंद केली असती, तर कुणाला कळलंही नसतं.

"काय गं, सापडली का चूक?" मॅनेजर पायल दारातून डोकावली.

"सापडली," संघमित्रा म्हणाली. "माझी आहे." आणि तिने स्क्रीन पायलकडे वळवला.

पायल वाचत राहिली. कुंदनने चोरट्या नजरेने दोघींकडे पाहिलं.

"मग मॅडम," त्याने हळूच विचारलं, "धरायची का नाय?"

"धरायची," ती म्हणाली. "थांब, लिहून देते."