उरलेली अकरा मिनिटं

"सुवर्णकाळ? अरे, व्हिडिओ गेमचा सुवर्णकाळ आत्ता चाललाय!" घस्सानने चहाचा पेला बशीत आपटला. "स्वीडनमध्ये माझा पोरगा घरी बसून सहा देशांतल्या मुलांशी खेळतो. खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो त्याला, घाम!"

"घामच बघायचा तर जुलैत बसऱ्याला पाठव त्याला," मुनाफ म्हणाला. "आणि हरला की काय करतो तुझा पोरगा?"

"बंद करतो. दुसरा कुणी शोधतो."

"ऐकलंत, उस्ताद? आपल्याकडे हरलेल्याला जिंकणाऱ्याच्या शेजारी, त्याचे टोमणे खात बसावं लागायचं. सुवर्णकाळ तो!"

"डोळे फुटायची वेळ यायची त्या टीव्हीवर. आणि पडद्यावरची मेनूची यादी सगळी जपानीत!"

"मग? खालून तिसरी ओळ, मग उजवीकडे. आजही झोपेत सांगेन."

उस्ताद शाकिर वाळल्या लिंबाचा चहा घोटघोट पीत ऐकत होते. सकाळी शाळेत गणित शिकवायचं आणि दुपारी घराच्या पुढच्या खोलीत तीन टीव्ही आणि व्हिडिओ गेमची यंत्रं मांडून मुलांना पैसे घेऊन खेळू द्यायचं, असं त्यांनी पंधरा वर्षं केलं. इराकवरच्या निर्बंधांच्या त्या दिवसांत नुसत्या शाळेवर घर चालत नव्हतं. अर्ध्या मोहल्ल्याच्या पोरांना त्यांनी कंट्रोलर धरायला शिकवला. स्वतः मात्र एकदाही खेळले नाहीत. यंत्र मुलांचं, असं त्यांचं म्हणणं. आता त्यातला एक टीव्ही आणि एक यंत्र तेवढं उरलं होतं.

घस्सान आईचं घर विकायला बावीस वर्षांनी आला होता. कागद काल झाले, उद्या विमान. "परत कधी?" असं मुनाफने आल्याआल्या विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "आता कशाला येऊ? कोण आहे इथे?" मुनाफ हसला होता. पण तो हसण्याआधी त्याचा चेहरा कसा झाला, ते उस्तादांनी पाहिलं होतं.

"उस्ताद, निकाल द्या," घस्सान म्हणाला. "कुठला काळ सोन्याचा?"

उस्ताद उठले आणि कपाटातून जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आले. दोघांनीही ती लगेच ओळखली. पुढच्या खोलीतल्या त्या दुकानात दिवसातून चारदा लाईट जायची आणि फुटबॉलचा खेळ मध्येच मरायचा. मग "मी जिंकत होतो" म्हणून मारामाऱ्या. त्यावर उस्तादांनी नियम केला होता: लाईट गेली की गोल आणि मिनिट वहीत लिहायचं; पुढच्या वेळी नव्वदातली उरलेली मिनिटंच खेळायची आणि नवे गोल आधीच्या गोलांत मिळवायचे. वहीत असेल ते खरं. स्वतःच्या मुलासाठीही त्यांनी त्यात कधी एक आकडा बदलला नव्हता.

शेवटच्या पानांवर त्यांचं बोट थांबलं. "घस्सान दोन, मुनाफ एक. एकोणऐंशीवं मिनिट. वीज गेली." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्याच आठवड्यात तू गेलास. अकरा मिनिटं राहिलीत."

"लावा!" म्हणत घस्सान सतरंजीवर बसलासुद्धा. मग त्याची नजर मुनाफच्या उजव्या बाहीकडे गेली. बाजारातल्या स्फोटात पंजा गेल्यापासून ती बाही मनगटापाशी दुमडून टाचलेली असे. घस्सानने कंट्रोलर हळूच खाली ठेवला. "राहू दे. मीच हरलो."

"दान नको," मुनाफ म्हणाला.

उस्ताद गुडघे धरत मुनाफच्या उजवीकडे बसले. लहान पोरांना शिकवताना ते दोघांना मिळून एक कंट्रोलर द्यायचे. एकाने दिशा, दुसऱ्याने गोल, चौकोन अशा खुणांची बटणं. "डावी बाजू तुझी," ते म्हणाले, "उजवी माझी. कुठलं बटण, ते ओरडून सांग."

"गोल! गोल दाबा, उस्ताद! अहो, तो नाही, चौकोन!"

"मला कुणी शिकवलंय का?"

"तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत!"

घस्सान इतका हसला की त्याचा बचावपटू मैदानाबाहेर धावत गेला. सातव्या मिनिटाला मुनाफ किंचाळला, "चौकोन!" उस्तादांनी डोळे मिटून अंगठा दाबला. चेंडू जाळ्यात गेला. मुनाफने कपाळ उस्तादांच्या खांद्यावर टेकवलं. घस्सान म्हातारपणाला, वाऱ्याला, जपानी कारखान्याला, सगळ्यांना शिव्या देत सुटला. बावीस वर्षांत त्याचा आवाज असा फाटला नसेल.

नववं मिनिट लागलं. उस्तादांनी हात लांबवला आणि यंत्राचं बटण दाबलं. पडदा काळा झाला.

"उस्ताद!"

त्यांनी खिशातून पेन काढलं, वही मांडीवर घेतली आणि मास्तरांच्या वळणदार अक्षरात लिहीत मोठ्याने वाचलं, "घस्सान दोन, मुनाफ दोन. अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. वीज गेली."

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. त्याच्या वाऱ्याने वहीचं पान सारखं उडत होतं. घस्सानने पंख्याकडे पाहिलं. मग वाकून त्याने ते पान तळहाताने दाबून धरलं, शाई वाळेपर्यंत.