वन्संच्या दोन तलंगा

वहिनींनी खुराड्याचं दार उघडलं. दोन कोंबड्या आडव्या पडलेल्या. तिसरी कोपऱ्यात मान टाकून बसलेली, डोकं सुजलेलं, तुरा जांभळा पडलेला. आदल्या दिवशी एक गेली, तेव्हा यजमान म्हणाले होते, "ऊन लागलं असेल." ऊन म्हणे! रात्रीतून कुठलं ऊन लागतं हो?

त्यांना सगळी गल्ली वहिनीच म्हणायची. शिलाईचं काम सांभाळून त्यांनी परसात बारा कोंबड्या पोसल्या होत्या आणि त्यांचा नियम मोठा कडक होता. बाहेरून आलेला पक्षी न्हाणीमागच्या पिंजऱ्यात तीन आठवडे वेगळा ठेवायचा. त्याचं दाणापाणी वेगळं, तिकडे जायच्या चपलासुद्धा वेगळ्या. यजमान त्यावरून त्यांना 'इन्स्पेक्टर' म्हणून चिडवायचे. हा नियम आजवर एकदाच मोडला होता, तोही गेल्याच आठवड्यात.

मोठी नणंद दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, टोपलीत घालून आली होती. वहिनी टोपली घेऊन पिंजऱ्याकडे वळल्या, तसा वन्संनी डोळ्यांना पदर लावला. "माझ्याच माहेरी माझ्या कोंबड्या परक्या झाल्या का गं?"

झालं! यजमान विरघळले. आईमागे ताईनंच त्यांना वाढवलेलं, त्यामुळे ताईच्या डोळ्यांत पाणी आलं की यांची अक्कल गहाण. स्वतःच्या हातांनी त्यांनी त्या तलंगा खुराड्यात सोडल्या. आणि वहिनी गप्प बसल्या! नणंदेचा मान राखायचा म्हणून गप्प बसल्या. मेलेल्या तिघींत दोघी वन्संच्याच होत्या, हे पाहताना त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

"गुपचूप पुरून टाकू," यजमान हळूच म्हणाले. "उगाच बोभाटा कशाला?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? हात लावू नका कशाला!" वहिनींनी खुराडं बंद केलं, हात साबणानं खसाखसा धुतले, सुनेला आणि दोन वर्षांच्या नातीला घरात पाठवलं आणि जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या त्या तोंडाला मास्क, हातात मोजे आणि अंगात पांढरा झगा घालूनच. मेलेल्या कोंबड्या त्यांनी पिशवीत बंद केल्या, उरलेल्यांच्या घशातून नमुने घेतले आणि सांगितलं, "लक्षणं बरी नाहीत. तपासणीचा निकाल येईपर्यंत अंडंसुद्धा बाहेर जाता कामा नये. बर्ड फ्लू निघाला, तर उरलेल्या सगळ्या माराव्या लागतील. आणि घरातल्या कोणालाही ताप आला, तर लगेच कळवा. त्या खिडकीतल्या छोटीकडे जास्त लक्ष ठेवा, ती कोंबड्यांत खेळते ना?"

खेळते? वहिनींना आठवलं, काल सकाळीच तर ती एका तलंगेला मिठी मारून बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी कागद काढला. "महिन्याभरात बाहेरून पक्षी आणले का?"

"नाही," यजमान चटकन म्हणाले.

"खोटं कशाला बोलता?" वहिनी कडाडल्या. "दोन आणल्यात! वन्संनी दिल्यात!"

"अगं, ताईचं नाव कागदावर गेलं, तर सासरी तिची काय अब्रू राहील? तिच्या कोंबड्या ठणठणीत होत्या."

"मग विचारा की! लावा फोन, आम्हाला पण ऐकू द्या."

यजमानांनी फोन लावून स्पीकर सुरू केला. वहिनींनी आडवळण घेतलंच नाही. "वन्सं, तुमच्याकडे कोंबड्या मरत होत्या का?"

 वन्सं म्हणाल्या, "रोज एकदोन जात होत्या गं. म्हटलं, राहिलेल्या तरी वाचतील. म्हणून दिल्या चार घरी."

"अगं ताई," एवढंच यजमानांच्या तोंडून निघालं.

वहिनींच्या अंगाची लाहीलाही झाली, पण तेवढ्यात त्यांना भाची आठवली. वन्संची लेक त्यांच्या घराजवळच राहायची आणि तिचं पोर अजून पाळण्यात होतं. राग गिळून त्या म्हणाल्या, "लेकीकडे दिल्यात का? तिला आत्ताच्या आत्ता कळवा. बाळाला जपायला सांगा."

"छे गं!" वन्सं म्हणाल्या. "तिला कशाला देईन? तिच्याकडे तान्हं पोर आहे."

 खिडकीला नाक लावून नात बाहेर यायला रडत होती, काचेवर थापा मारत होती. वहिनी नवऱ्याकडे बघत राहिल्या. तोंडाशी आलेले शब्द त्यांना बोलावेच लागले नाहीत, कारण यजमानांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

त्यांनी फोन बंद केला नाही. पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "लिहून घ्या. दोन पक्षी बाहेरून आले. माझ्या सख्ख्या बहिणीनं दिले, आणि आजार आहे हे तिला ठाऊक होतं."

मग त्यांनी फोन तोंडाजवळ धरला.

"आता तू सांग, ताई. बाकीची तीन घरं कोणाची?"