शाळेमागचा खड्डा

"हा वास कसला गं, रंभा?" नाकाला रुमाल लावून मुख्याध्यापिका मंदाकिनी मॅडम चार हात लांबच थांबल्या.

"मातीचा, मॅडम. खताचा खड्डा आत्ताच वरखाली केलाय ना."

"मला कळतंय गं. पण स्पर्धेच्या परीक्षकांना कोण समजावणार? सोमवारी ठाण्याहून माणसं यायचीत. आणि हे बघ, वळवळतंय काहीतरी! कोणाच्या बुटावर चढलं म्हणजे?"

रंभाला हसू आलं. "गांडुळं कशाला चढतील बुटावर? उजेड दिसला की खाली पळतात बिचारी. लाजाळू जात आहे."

मॅडम हसल्या नाहीत. शनिवारची अर्धी शाळा सुटून गेली होती. मैदानावर कोणी नव्हतं. भिंतीवर मुलांनी रंगवलेलं हिरवं झाड अजून ओलं होतं आणि त्याच्या शेजारी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आमचा कचरा, आमचं खत'.

मानपाड्याच्या रस्त्यावरच्या या शाळेत रंभा सव्वीस वर्षं शिपाई होती. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, पडलेल्या पोराच्या गुडघ्याला हळद लावायची, हे तिचं काम. खड्डा तिच्या कामात नव्हता. नऊ वर्षांपूर्वी कुठल्याशा संस्थेची माणसं आली, खड्डा खणून, फोटो काढून, मूठभर गांडुळं सोडून निघून गेली. दुसऱ्या महिन्यात त्यात नुसता कुजका चिखल होता. रंभाला ते बघवेना. ती लहान असताना इथे सगळी भातशेती होती. भाजीचे देठ गवळी म्हशीसाठी मागून न्यायचा, चुलीची राख भांड्यांना लागायची, फाटक्या लुगड्याची गोधडी व्हायची. घरातून बाहेर टाकायला केरातली धूळ तेवढी उरायची. आता चारशे पोरांच्या डब्यांतून रोज दोन बादल्या खाणं निघत होतं आणि ते प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून कुठेतरी कचऱ्याच्या डोंगरावर जात होतं.

तिनं हळूहळू हात बसवला. ओल्याच्या दुप्पट पालापाचोळा. तयार खताची मूठ विरजणासारखी वरून. दुपारी खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला की आतली ऊब सांगायची, पाणी हवंय की वारा. मधल्या सुट्टीत ती दोन बादल्या घेऊन उभी राहायची आणि पहिलीतली पोरंसुद्धा केळ्याचं साल इकडे, बिस्किटाचा कागद तिकडे टाकायला शिकली होती.

तिच्या मुलाला, महेंद्रला हे आवडायचं नाही. तो ठाण्याला बँकेत होता. "आजीनं लोकांची घाण उचलायचं हेच काम सोडून आपल्याला इथवर आणलं," तो म्हणायचा, "आणि तू हौसेनं त्यात हात घालतेस? लोकांना काय, त्यांना बरंच आहे!"

"अरे, आजीवर ते लादलेलं. हे मी केलेलं."

"बघणाऱ्याला फरक कळतो का त्यातला?"

ती नखांतली माती काढत बसायची.

आता शाळेच्या ट्रस्टींना बस उभ्या करायला ही जागा हवी होती. बैठकीत मॅडम एकट्या भांडल्या, तेव्हा ठरलं की खतखड्ड्यांच्या आंतरशालेय स्पर्धेत पहिला नंबर आला तर खड्ड्याला हात लावायचा नाही. रंभा मे महिन्यात निवृत्त होणार होती. "नंबर आला ना, की तुला रोज सकाळी दोन तास खड्ड्यासाठी बोलवून घेईन. तसं मी लिहूनच घेतलंय," असं मॅडम म्हणाल्या होत्या. त्या दिवसापासून रंभा हवेत होती. निवृत्तीनंतर माणूस काय करतं, याची तिला वाटणारी धास्तीच गेली होती.

"फिनेल आण," मॅडम म्हणाल्या.

रंभाला वाटलं, संडासांसाठी. "तिकडे सकाळीच टाकलंय."

"इकडे टाक. थोडंसंच. वास मोडेल आणि किडेही वर येणार नाहीत."

"मॅडम, मरतील हो ती."

"सगळी कशी मरतील? आणि मेली तर नवीन आणू, विकत मिळतात. रंभा, तिकडे ट्रस्टी टपून बसलेत. परीक्षकांनी नाक मुरडलं तर खड्डाच जाईल, मग काय करशील किडे घेऊन?"

सव्वीस वर्षांत तपासणी म्हटलं की फिनेल, हे रंभाच्या हातांना पाठ होतं. इन्स्पेक्टर येवोत, पाहुणे येवोत, आदल्या दिवशी शाळा फिनेलनं घमघमली पाहिजे. मॅडमना नाही म्हणणं मात्र तिला कोणी कधी शिकवलं नव्हतं. तिनं बादलीभर पाण्यात अर्धाच डबा काळं फिनेल ओतलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. कडेकडेनं टाकलं तर मधली वाचतील, खाली जातील, असं तिनं मनाशी धरलं.

"अगं, अजून येतोय की वास," मॅडम म्हणाल्या.

तिनं दुसरी बादली मधोमध रिकामी केली.

सोमवारी परीक्षक आले. त्यांतले एक शेतीखात्यातून निवृत्त झालेले, परशुराम नावाचे साधेसे गृहस्थ होते. सातवीतली उर्वी पाठ केलेलं भाषण म्हणत होती, "या खड्ड्यात लाखो जीव आमच्यासाठी रात्रंदिवस राबतात..." ती बोलत असतानाच ते खाली बसले, काठीनं वरचा थर बाजूला केला आणि थांबले. फिकट, फुगलेली गांडुळं गुंत्यासारखी पडली होती. त्यांनी चिमूटभर माती नाकाशी नेली.

"फिनेल?"

उर्वी बोलतच होती. तिला कोणी थांबवलं नाही.

"खत उत्तम होतं हो," ते हळूच म्हणाले. "इतक्या शाळा पाहिल्या, असं कुठे नव्हतं. कोणी सांगितलं हे टाकायला?"

मॅडम हातातल्या कागदाकडे बघत होत्या. त्यांनी त्याची घडी घातली. दोन ट्रस्टी मागेच उभे होते. रंभानं ते सगळं पाहिलं.

"मीच टाकलं, साहेब," ती म्हणाली. "तपासणी असली की टाकतोच आपण. सवय."

मागून एक ट्रस्टी हसला. "शेवटी शिपाईच! तिला काय कळणार खतातलं?"

परशुरामांनी रंभाच्या हातांकडे पाहिलं, नखांत बसलेल्या काळ्या मातीकडे. वहीत काहीतरी लिहून ते उठले.

संध्याकाळी जिन्याखाली मॅडमनी तिला गाठलं. "रंभा, मी सांगणार होते गं..."

"राहू द्या, मॅडम. तुमच्या नोकरीची आठ वर्षं राहिलीत अजून."

मॅडम रडल्या. पण दुसऱ्या दिवशी त्या ट्रस्टींकडे गेल्या नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाहीत. नंबर आलाच नाही. मेनंतर बोलवण्याचा विषय परत कोणी काढला नाही, रंभानंही नाही. घरी तिनं एवढंच सांगितलं, "खड्डा गेला." महेंद्र बरं झालं म्हणणार होता, पण आईकडे बघून त्यानं तिच्यापुढे चहा सरकवला.

मार्चमध्ये खड्डा बुजवून त्यावर लाल फरशा बसल्या. परीक्षा सुरू व्हायच्या आधीच्या त्या आठवड्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं डबे संपवून धावत तिथे आली आणि फरशांवर सालं टाकून गेली. केळ्याची, मोसंब्याची, वर उकडलेल्या अंड्यांची टरफलं. कागद मात्र एकानंही टाकला नाही.

"मावशी, हे काय चाललंय?" बसचा ड्रायव्हर ओरडला. "गाडी कुठे लावू? झाडून घ्या पटकन!"

रंभानं झाडू आणला, भिंतीला टेकवला आणि खाली बसली. एकेक साल तिनं हातानं उचललं, त्याची धूळ पदराला पुसली आणि ओंजळीत ठेवत गेली. ओंजळ भरली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ती उठली आणि भरल्या ओंजळीनं तिथेच उभी राहिली.