राखून ठेवलेली चकती

मित्रांनो, मी बर्चच्या लाकडाची एक जुनी चकती आहे. फिनलंडमधल्या कुओपियोजवळ तळ्याकाठी राहणाऱ्या वेइयोने मला आणि माझ्या सात बहिणींना एकाच फांदीतून कापलं. आमची एक बाजू त्याने निळी रंगवली, दुसरी चुलीवर धरून काळी केली.

दर रविवारी सौनातलं वाफेचं स्नान आणि कॉफी आटोपली की वेइयो, त्याची बायको राइली आणि मुलगी तुइरे पत्ते मांडत. तिघांचा डाव एकच: टेबलावर प्रत्येक रंगाची पानं एक्क्यापासून चढत्या क्रमाने लावायची. हरले तर तिघेही हरणार. आपली पानं आपल्याला दिसत नाहीत, इतरांना दिसतात, आणि बोलायला बंदी. कुणाला त्याच्या पानाचा रंग किंवा आकडा सांगायचा असेल, तर एक चकती उपडी करून तेवढंच सांगायचं. निळी बाजू वर म्हणजे खूण शिल्लक, काळी वर म्हणजे वापरलेली.

खुणा द्याव्यात तर राइलीने! "हे पान लाल," असं ती तुइरेला सांगे. ती लाल दुर्री वेइयोला दिसे, पण टेबलावर लाल एक्का लागलेला नसे. राइली उगाच खूण देणार नाही, मग एक्का आपल्याच हातात आहे, हे तो ओळखे आणि ठरल्याप्रमाणे डावीकडे लावलेलं आपलं सर्वांत नवं पान न बघता टाके. एक्काच निघे! एका खुणेत दोन पानं लागत. मला फार अभिमान वाटे.

"एक चकती कायम राखून ठेवायची," राइली म्हणे. ती चकती बहुधा मीच असे.

यंदा मार्चमध्ये वेइयो नवं पान उजवीकडे लावू लागला. डावीकडचं जुनंच पान टाकलं गेलं, राइलीची खूण वाया गेली, डाव फसला.

"म्हातारे झालात, बाबा!" तुइरे हसली.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं. त्या आठवड्यात त्याने बूटही उलटसुलट घातले होते. राइली हसली नाही. तिचं बोट माझ्यावर येऊन थांबलं.

"उद्या तळ्याच्या बर्फाखालची माशांची जाळी काढायला जातो," वेइयो म्हणाला.

"बर्फ मऊ झालाय, बाबा."

"अगं, पक्क्या बर्फाच्या वाटेवर फांद्या रोवल्यात मी. त्या उजव्या हाताला ठेवल्या की झालं. चाळीस वर्षं चालतोय!"

"आई, तू तरी सांग ना काही!"

"डाव चालू आहे," राइली म्हणाली. "खेळताना बोलायचं नाही."

मुलीदेखत नवऱ्याला खजील करायचं तिच्या जिवावर आलं होतं. सकाळी बोलू, असं तिने ठरवलं असावं. तिने माझ्यावरचं बोट उचललं. मी निळीच राहिले.

सकाळी ती उठण्याआधीच तो निघून गेला. बर्फावर त्याची पावलं फांद्या डाव्या हाताला ठेवून गेली होती. पुढे बर्फ फुटून काळं पाणी दिसत होतं.

आता पत्ते कुणी मांडत नाही. राइली एकटीच टेबलाशी बसते, मला उपडी करते आणि रिकाम्या खुर्चीला सांगते, "नवं पान उजवीकडे लावतोयस, वेइयो."

मित्रांनो, मला इतकं जपू नका. ज्याला सांगायचं तो समोर बसलेला आहे तोवरच मला उपडी करा.