बिनगचक्याची वाट

इचोड्याहून बाजारहत्नूरकडे जाताना डांबरी रस्त्याला लागून सुधाकररावांची चहाची टपरी आहे. टपरीसमोरून एक मुरमाची वाट कापसाच्या शेतांमधून आत जाते. तिच्या शेवटी भाजीचा मळा आहे, घर आहे, आणि घराशेजारी पत्र्याच्या छपराखाली रंग उडालेला एक ठेंगणा ट्रॅक्टर उभा असतो. मित्रांनो, तो मी.

माझा जन्म दूरच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. घणघण आवाज आणि ओल्या रंगाचा वास, एवढंच. माझ्यासारखे लहान ट्रॅक्टर बागांसाठी बनवतात. दोन झाडांच्या मधून फांदी न मोडता आम्हाला जाता येतं. त्यामुळे मी आधी काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेत गेलो. तिथे मी फवारणीचा पंप ओढला, तण काढलं, फळांच्या पेट्या वाहिल्या. दसऱ्याला माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडायची. मालक पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, "हा आमच्या घरातलाच एक."

पुढे बाग वाळली. मालकांनी झाडं काढून दुसरं पीक घेतलं आणि मोठा ट्रॅक्टर आणला. मला कुंपणाजवळ उभं केलं. तिथे माझ्या चाकांवर वेल चढले. सायलेन्सरमध्ये चिमण्यांनी काड्या कोंबल्या. कुणी मला वाईट बोललं नाही, मारलं नाही; फक्त कुणाला माझी आठवण राहिली नाही. फिरायची सवय असलेल्या यंत्राला असं उभं राहणं फार जड जातं.

एके दिवशी मला विकत घ्यायला देवानंद आला. इचोड्यात त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. त्याने माझ्या नळ्या साफ केल्या, नवी बॅटरी बसवली आणि किल्ली फिरवली. मी खोकलो, काळा धूर सोडला आणि सुरू झालो. नागपूरच्या हमरस्त्याने एका लॉरीवर बसून मी इचोड्याला आलो आणि तिथून पुढे माझ्या स्वतःच्या चाकांवर या मळ्यात.

अंगणात देवानंदची आई जयवंताबाई कुंकवाचं ताट घेऊन उभी होती. मला पाहून ती म्हणाली, "एवढासाच? मले वाटलं ट्रॅक्टर येऊन राह्यला."

"माय, आपले वाफे केवढे आहे? मोठा आनला असता तं वांगे चेंदले असते," देवानंद हसत म्हणाला.

मग काठी टेकत त्याचे वडील पांडुरंगराव पुढे आले. काचबिंदूने त्यांची नजर काही वर्षांपूर्वी हळूहळू गेली होती. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी मला पाहिलं. बॉनेट, दिवे, चाकाच्या खाचा, सगळं. शेवटी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "गोऱ्ह्यावाणी आहे रे हा. कराले लागंल काम."

देवानंद दिवसभर दुकानात असायचा. त्यामुळे मला चालवायला त्याची बायको सुनयना शिकली. सुरुवातीला क्लच सोडताना ती मला असे हिसके द्यायची की माझे नट ढिले व्हायचे. पण महिन्याभरात तिचा हात बसला. वांगी, टमाटे, पालक, सगळा मळा तिच्या हाती होता.

एकच अडचण होती. वाट.

ही वाट पांडुरंगरावांनीच डोळे चांगले असताना बैलगाडीने मुरूम आणून घातली होती. वर जाडी गिट्टी टाकली होती. पण काळ्या मातीवरचा मुरूम किती टिकणार? दर पावसाळ्यात पाणी तो कापत गेलं. इथे खड्डा, तिथे उंचवटा, मध्ये चाकोऱ्यांच्या खोल रेघा. त्या वर्षी तर भाजी न्यायला येणाऱ्या ऑटोवाल्या करणने हातच जोडले.

"वहिनी, अंदर नै आता मैं," तो डांबरी रस्त्यावरूनच ओरडला. "स्प्रिंग के पाटे टूट जाते गाडी के."

माझ्या मागच्या ट्रॉलीत टमाटे घालून नेले तरी गचक्यांनी खालच्या कॅरेटातले फुटायचे. म्हणून सुनयना एकेक कॅरेट डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत जायची आणि रिकामी परत यायची. संध्याकाळी ती माझ्या चाकाला टेकून मान दाबत बसायची.

पांडुरंगरावांना मात्र या वाटेचा त्रास झालेला मी पाहिला नव्हता. रोज सकाळी ते काठी घेऊन एकटे निघायचे आणि सुधाकररावांच्या टपरीवर जायचे. सुधाकरराव गिऱ्हाइकांना चहा देता देता त्यांना पेपर वाचून दाखवायचे. गावचे लोक भेटायचे. जेवणाच्या वेळेला ते एकटेच परत यायचे. घरातले म्हणायचे, त्यांची सवयीची वाट आहे. याहून जास्त कुणी विचार केला नव्हता.

दिवाळी झाल्यावर सुनयनाने ठरवलं, वाट सपाट करायची. देवानंदच्या दुकानाशेजारी भूषण वेल्डर आहे. त्याने एका जुन्या लॉरीच्या लोखंडातून माझ्या मागे लावायला पातं बनवून दिलं. आदल्या संध्याकाळी सुनयनाने वाटेवर पाणी मारलं, म्हणजे मुरूम नरम पडतो. सकाळी आधी मी लोखंडी दात लावून घट्ट उंचवटे खरवडले. नुसती वरची खडी खड्ड्यात लोटली तर ती आठ दिवसांत बाहेर येते. म्हणून खड्ड्याच्या तळापर्यंत सगळं मोकळं केलं. मग पातं लावलं. ते दाबून राहावं म्हणून त्यावर मातीची पोती ठेवली, आणि माझं तोंड वर उचललं जाऊ नये म्हणून पुढे दगड बांधले. अगदी हळू गिअरमध्ये, पातं थोडं तिरपं धरून, मी कडेचा मुरूम मध्ये ओढत गेलो आणि ओढत आलो. माझ्या मागे जमीन चादर अंथरल्यासारखी होत होती. मला फार आनंद होत होता, मित्रांनो. लहान म्हणून हिणवलेल्याला मोठं काम मिळालं की जसा होतो, तसा.

पांडुरंगराव अंगणात बाजेवर बसून माझा आवाज ऐकत होते. दुपारी सुनयना पाणी प्यायला थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "बोरीपासचा तो मोठा खड्डा बी बुजला काय?"

"बुजला, मामाजी. आता एकबी गचका नाही राह्यला."

"अन् विहिरीच्या अंगचा उंचवटा?"

"तोबी काढला."

त्यांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाले, "बरं झालं बाई. तुया जिवाले आराम."

संध्याकाळी करणचा ऑटो थेट अंगणात येऊन उभा राहिला. जयवंताबाईने त्याला चहा दिला. देवानंदने मोटरसायकलवरून वाटेच्या दोन फेऱ्या मारल्या, उगीचच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांडुरंगराव नेहमीसारखे निघाले. उन्हं वर आली तेव्हा जयवंताबाईच्या फोनवर सुधाकररावांचा फोन आला. ती बोलली आणि तिचा आवाज चिरकला.

"सुनयना! ते टपरीवर पोचलेच नाही म्हनते!"

सुनयनाने हातातलं खुरपं टाकलं आणि माझ्यावर चढली. नव्या मऊ मुरमावर त्यांच्या चपलांचे ठसे स्पष्ट उमटले होते. काठीची टोकंही. सुरुवातीला ठसे सरळ होते. मग डावीकडे, मग उजवीकडे, मग एका जागी गोल. आणि विहिरीच्या अलीकडे ते वाट सोडून कापसात शिरले होते.

तिने मला थांबवलं आणि सीटवर उभी राहिली. कापूस छातीएवढा होता. त्यात तिला पांढरी टोपी दिसली.

"मामाजी, हालू नका! तिथंच थांबा!"

पांडुरंगराव उभेच होते. विहिरीला कठडा नाही. तिचा काठ त्यांच्या पुढच्या काही पावलांवर होता. पाय उचलला की खाली काय येईल हे कळेना, म्हणून ते किती वेळ तसेच थांबले होते कोण जाणे. त्यांनी हाकही मारली नव्हती. सुनयनाने हात धरून त्यांना वाटेवर आणलं.

"रस्ता सापडला नाही बाई," ते एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून ते टपरीवर एकटे जायचे थांबले. देवानंद त्यांना मोटरसायकलवर नेऊ लागला. पण तिथे सोडलं की घ्यायला कुणी येईपर्यंत बसून राहावं लागे. दोन दिवसांनी त्यांनी तेही सोडलं. "मन नाही लागत," म्हणाले. बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडू लागले. जेवण कमी झालं. करणचा ऑटो अंगणात यायचा, टमाटे न फुटता इचोड्याला जायचे, पण त्याचा आनंद कुणाच्याच तोंडावर दिसत नव्हता.

एका संध्याकाळी सुनयना त्यांच्या पायाशी बसली. मी जवळच उभा होतो.

"मामाजी, तुमी गचक्यायच्या खुणेनं चालत होते ना?"

ते उठून बसले. "हो. बोरीचा खड्डा लागला की उजवीकडं वळाचं. उंचवटा लागला की विहीर जवळ आली, डावीकडं सरकाचं. पायच पाह्यत होते सगळं."

"मंग त्या दिवशी काऊन नाही सांगतलं? मी पातं लावलंच नसतं."

"म्हनूनच नाही सांगतलं," पांडुरंगराव म्हणाले. "तुया डोक्यावरचं ओझं मले दिसत नाही, पन ऐकू येते. रिकामी येतं तं पाय हलका वाजते. भरली जातं तं कसा वाजते, मले माहीत आहे. चार गचक्यायसाठी तुले तसंच राबू देऊ काय?"

सुनयनाने पदर तोंडाला लावला. आतून जयवंताबाई म्हणाली, "लोकं खड्डे बुजवाले रडतात, अन् आपन खड्ड्यायसाठी रडून राह्यलो." पण तिचाही आवाज ओला होता.

दुसऱ्या दिवशी सुनयनाने एक गोष्ट केली. चपला घातल्या, पदराने डोळे घट्ट बांधले, हातात काठी घेतली आणि वाटेवर चालू लागली. थोड्याच पावलांत ती भरकटली. पुन्हा पहिल्यापासून निघाली, पुन्हा भरकटली. तिसऱ्यांदा ती कडेला गेली आणि तिच्या काठीला काहीतरी लागलं. माझ्या पात्याखालून निसटलेली जाडी गिट्टी तिथे एका रेषेत साचली होती. ती उचलून टाकायची राहून गेली होती. सुनयनाची काठी त्या गिट्टीवर खडखडली आणि ती तिच्या धारेने सरळ चालत गेली, गिट्टी संपेपर्यंत.

तिने डोळ्यांवरचा पदर सोडला आणि धावत घराकडे आली.

"मामाजी, उठा. मले तुमी पाह्यजे. माह्या एकटीनं नाही होत हे काम."

त्या दिवशी आम्ही वेगळ्याच पद्धतीने कामाला लागलो. पुढे पांडुरंगराव, मागे मी. सुनयनाने पातं इतकं तिरपं केलं की जाडी गिट्टी एका अंगाला वाहत जाऊन कडेला बुटका वरंबा पडत होता. गाडीचं चाक त्याच्या आत राहील आणि काठी मात्र त्याला लागेल, एवढाच. पहिल्यांदा वरंबा उंच झाला; पांडुरंगराव अडखळले आणि चिडले, "मले पाडतं काय व?" मी मागे गेलो, पुन्हा ओढलं. बोरीपाशी त्यांनी काठी वर केली. तिथे आम्ही वरंबा तोडला, कारण तिथून पाणी वाहतं. ती मोकळी जागा म्हणजे वळण. विहिरीच्या बाजूला त्यांनी पायाने जागा दाखवली आणि जयवंताबाईने स्वतः टोपल्यांनी तिथे गोटे पसरले, म्हणजे विहीर जवळ आल्याचं पायाला कळेल. देवानंदने दुकान बंद ठेवून विहिरीला काट्यांचं कुंपण घातलं.

मग पांडुरंगराव एकटे निघाले. देवानंद मागून जायला लागला तेव्हा जयवंताबाईने त्याचा दंड धरला. "जाऊ दे त्यायले."

सुनयनाने माझं इंजिन बंद केलं, म्हणजे त्यांना काठीचा आवाज ऐकू यावा. आम्हीही ऐकत होतो. खड, खड, खड. मग थोडं थांबणं. मग पुन्हा खड, खड. आवाज लहान होत गेला आणि शेवटी ऐकू येईनासा झाला.

फोन वाजला. सुधाकरराव होते. देवानंदने तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"दादा आले ना बाप्पा! चहा पिऊन राह्यले. पेपर वाच म्हनते, आठ दिवसांचा."

जयवंताबाईने डोळे पुसले आणि फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "साखर कमी टाका म्हना त्यायच्या चहात."

मित्रांनो, मुरमाची वाट एकदा सारखी केली म्हणजे कायमची होत नाही. प्रत्येक पावसाळ्यानंतर मी पुन्हा पातं ओढतो, आणि प्रत्येक वेळी पांडुरंगराव माझ्यापुढे चालतात. आता माझं स्टिअरिंग सैल झालं आहे, एका गिअरला वेळ लागतो. सुनयना वेळच्या वेळी ग्रीस भरते, धूळ पुसते, म्हणून मी टिकलो आहे. तुमच्या घरी जे यंत्र राबत असेल, त्यालाही असं जपा. ते बोलून दाखवत नाही. आणि माणसं तर त्याहून कमी बोलून दाखवतात. कुणासाठी चांगलं काम करायला निघालात, तर त्या वाटेवरून आणखी कोण चालतं ते पाहा, आणि त्याला सोबत घेऊन कामाला लागा.

आज सकाळीही पांडुरंगराव टपरीवर गेले आहेत. करणचा ऑटो टमाटे घेऊन त्यांच्या शेजारून हळू निघाला, तेव्हा काठीची खडखड बुडू नये म्हणून त्याने हॉर्न वाजवला नाही.