नाकाचा खिसा वेगळा

पुतणी आत्याच्या शिवणाच्या दुकानात शिरली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "आत्या, माझा लग्नाचा पोशाख शिवू नकोस. मी लग्न मोडतेय."

"कापड कापून झालंय गं बये! आता तुझ्या मापाची दुसरी काडी कुठून शोधून आणू?"

पुतणी हसली नाही. "बाबांच्या हातून आज पुन्हा कप पडला. असं झालं की सगळे माझ्याकडेच बघतात. मी हुबेहूब बाबांवर गेलेय ना! म्हणतात, खाण तशी माती."

आत्याने मशीन थांबवलं. ही म्हण तिच्या ओळखीची होती. तेव्हा माती म्हणजे ती होती. तिच्या वडिलांचे हातपाय असेच आपोआप उडायचे, जीभ अडखळायची. तिचं नाक वडिलांचं, चाल वडिलांची, शिंकसुद्धा वडिलांचीच. हा आजार घराण्याचा, तेव्हा तो हिच्याच वाट्याला येणार, असं घरादाराने ठरवून टाकलं. भाऊ आईच्या वळणाचा, म्हणून तो सुटला म्हणायचं. समोरच्या घड्याळवाल्याने तिला मागणी घातली, तर "जमणार नाही" एवढंच बोलून तिने त्याला परत पाठवलं. भावाने मात्र बिनघोर संसार थाटला. आणि आजाराने गाठलं ते भावालाच.

"बस इथे," आत्या म्हणाली. गल्लीतल्या पोरांना बेरीज-वजाबाकी ती बटणांवरच शिकवायची. तिने शिवत आणलेला कोट पुढे ओढला आणि एका खिशात दोन बटणं टाकली, एक काळं, एक पांढरं. "हा तुझा बाप. काळं म्हणजे आजार. प्रत्येक लेकराला तो यातलं एकच बटण देतो, तेही डोळे मिटून. मग काळं यायची शक्यता किती?"

"निम्मी."

"आणि नाकाचं बटण कुठे?"

पुतणीने त्याच खिशात हात घातला. आत्याने तो हळूच काढून दुसऱ्या खिशावर ठेवला. "ते इथे. नाकाचा खिसा वेगळा, आजाराचा वेगळा. तुझं तोंड बघून आतलं बटण कळत नाही, वेडे."

"पण निम्मी म्हणजे काही कमी नाही."

"नाहीच. तपासणी करता येते. करायची की नाही ते तू ठरव."

"तू केलीस?"

"तुझ्या बापाचं कळल्यावर." आत्या कोटावरचा धागा उगाचच चिमटीत धरून राहिली. "पांढरं निघालं. माझ्या मुलांना कसलीच भीती नव्हती. ती झालीच नाहीत, एवढंच."

रस्त्यापलीकडे घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून बसला होता. शेजारी त्याची नात पेंगत होती.

त्याच्या मागणीची गोष्ट पुतणीने घरात ऐकली होती. "त्यांना माहीत आहे?"

"नाही. नकार का दिला ते मी सांगितलंच नाही कधी. काळं बटण त्याला चाललंही असतं, कुणी सांगावं? मी त्याला विचारलंच नाही. दोघांचं मी एकटीनेच ठरवून मोकळी झाले." तिने धागा तोडला. "तू तुझ्या त्याला विचारलंस?"

पुतणीने मान हलवली. नाही. दोन्ही खिशांकडे एकदा बघून तिने फोन काढला.

"हॅलो... ऐक ना. तुला एक सांगायचंय. आधी सगळं ऐकून घे."

आत्याचा पाय सवयीने मशीनच्या पेडलवर गेला होता. खडखडाट नको म्हणून तिने तो उचलून घेतला, आणि हातातलं काम तसंच धरून ती बसून राहिली.