विरोधक पाहिजे

"नासलंय," सेक्रेटरी किटलीतून नाक बाहेर काढत म्हणाला.

"संध्याकाळी काढलं तेव्हा चांगलं होतं," वहिनी म्हणाली.

"संध्याकाळी दुधाचा टँकर येत नाही, वहिनी. तो सकाळीच येतो."

"मग म्हशीला जाऊन सांग, संध्याकाळचं देऊ नकोस म्हणून. तुझं ऐकेल. दोघंही दिवसभर बसूनच असता."

रांग हसली. वहिनीने किटली उचलली आणि सगळं दूध डेअरीच्या पायरीवर ओतलं. नेमके तेव्हाच चेअरमन पायरी चढत होते. पांढऱ्या धोतरावर पांढरे शिंतोडे दिसत नाहीत, पण वास लपत नाही.

ही वहिनी म्हणजे चेअरमनच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ वारला, मागे म्हशी राहिल्या आणि वहिनीची जीभ राहिली. चेअरमनची ती भावजय, म्हणून साऱ्या गावाचीच वहिनी झाली. उन्हाळ्यात संध्याकाळचं दूध सगळ्यांचंच नासायचं. बाकीचे नशिबाला बोल लावून गप्प बसत, ही चेअरमनना लावायची.

"भाऊजी, दूध थंड ठेवायचं यंत्र कधी येणार?"

"आलंच समजा, वहिनी."

हे उत्तर चेअरमन बरीच वर्षं देत होते. तितकीच वर्षं ते बिनविरोध निवडून येत होते, त्यामुळे उत्तर बदलायची वेळ आली नव्हती. पण या खेपेला ते खोटं बोलत नव्हते. परदेशातली एक मोठी बँक गरीब देशांतल्या गावांना यंत्रं देत होती, आणि बँकेची एक बाई दुभाष्याला घेऊन आमचं गाव बघायला येणार होती.

बाई आल्या. त्यांनी गोठे पाहिले, कॅन पाहिले, एका म्हशीच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. शेवटी विचारलं, "मागच्या निवडणुकीत तुमच्याविरुद्ध कोण उभं होतं?"

चेअरमननी छाती फुगवली. "कोणीच नाही! कधीच नाही! विचारा कोणालाही."

दुभाष्याने ते सांगितलं आणि बाईंचा चेहरा असा उतरला, जणू चेअरमननी गोठ्यात रोगाची साथ असल्याचं कबूल केलं. बँकेचा नियम होता: जिथे लोकशाही, तिथे यंत्र. दोन उमेदवार हवेत, मतदान गुप्त हवं, आणि हरणाऱ्याला निदान एक तृतीयांश मतं पडायला हवीत, नाहीतर लढत खोटी धरली जाईल. तसं झालं तर यंत्र पलीकडच्या गावाला. पलीकडच्या गावात म्हणे दोन पार्ट्या होत्या आणि मागच्या सालीच डोकी फुटली होती. बाईंना ते गाव फार आवडलं होतं.

झालं. एरवी चेअरमन दिसले की विरोधक दार लावून घेत. आता चेअरमनच विरोधक शोधत दारोदार हिंडू लागले.

न्हावी म्हणाला, "नको हो. तुमची मान रोज माझ्या वस्तऱ्याखाली असते. उद्या चुकून कापलं तर लोक म्हणतील, प्रचार करतोय."

लोहार तर रडकुंडीलाच आला. "चेअरमन, माझं काय चुकलं ते तरी सांगा! जन्मभर तुमच्या शब्दाबाहेर गेलो नाही."

"अरे, आत्ताही शब्दच टाकतोय. विरोधात उभा राहा."

"एवढं सोडून काहीही सांगा."

चेअरमन घरी येऊन कपाळाला हात लावून बसले. बायको भांडी घासत होती. ती मान वर न करता म्हणाली, "जाऊबाईंना विचारा. नाहीतरी रोज विरोध करतातच, तोही फुकटात."

चेअरमनना ते पटलं. वहिनीच्या जिभेला गाव भितं, तेव्हा मत कोणी देणार नाही. आणि सभेत बोलताना तिला कोणी पाहिलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

वहिनी धार काढत होती. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मी उभी राहिले की यंत्र येईल?"

"येईल."

"नाही राहिले तर?"

"नाही येणार."

"मग एवढं फिरवून फिरवून कशाला सांगता? घ्या नाव लिहून. आणि म्हशीमागे उभे राहू नका, नवीन माणसाला लाथ मारते ती."

उमेदवार मिळाला. आता एक तृतीयांश मतांची सोय करायची होती. सेक्रेटरी म्हणाला, "पडतील तेवढी आपोआप."

"आपोआप?" चेअरमन भडकले. "इतकी वर्षं या गावात काही आपोआप झालंय? बरोब्बर एक तृतीयांश पाडायची."

"मग कोणाला सांगायचं वहिनींना मत द्या म्हणून?"

"भरवशाच्या माणसांना. जे माझा शब्द मोडत नाहीत, त्यांनाच."

चेअरमन स्वतः घरोघर फिरले. लोहाराला म्हणाले, "तुझं घर वहिनींना." न्हाव्याला म्हणाले, "तुझंही." लोहाराने डोळे पुसत विचारलं, "तुमच्याविरुद्ध मत? हात कसा धजावेल?" चेअरमननी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "माझ्यासाठी एवढं कर." असं करत करत गावातली सगळी विश्वासू घरं त्यांनी वहिनीच्या पदरात घातली. माणूस आपल्या लेकीचं लग्नसुद्धा इतक्या काळजीने लावत नाही.

मतदानाला धुतलेला दुधाचा कॅन पेटी म्हणून ठेवला. बाई खुर्ची टाकून शेजारी बसल्या. लोक एकेक करत पडद्याआड जात, चिठ्ठी टाकत आणि बाहेर येऊन चेअरमनकडे बघून डोळा मिचकावत. चेअरमनही मिचकावत.

दुपारी बाईंच्या देखत चिठ्ठ्या मोजल्या. सेक्रेटरीने पुन्हा मोजल्या. मग कॅन उपडा करून आत कुठे चिकटल्यात का ते पाहिलं. कुठेच चिकटल्या नव्हत्या. वहिनी निवडून आली होती, आणि चेअरमनना जेमतेम एक तृतीयांश मतं पडली होती.

"हे कसं झालं?" चेअरमन सेक्रेटरीच्या कानात ओरडले.

"आपल्या माणसांनी तुमचं ऐकलं," सेक्रेटरी म्हणाला.

"मग बाकीच्यांनी?"

"बाकीचे तुमचं कधी ऐकत होते? त्यांचं दूध नासतंय."

चेअरमन वहिनीसाठी मतं मागत फिरले, हे लोहाराने दुभाष्याला सांगून टाकलं होतं, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. स्वतः हरणारा, आणि त्यासाठी स्वतःच घरोघर फिरलेला चेअरमन त्यांनी कुठल्याच देशात पाहिला नव्हता. चेअरमनचा हात हातात घेऊन त्या बराच वेळ बोलल्या. दुभाष्याने थोडक्यात सांगितलं: यंत्र येतंय, आणि सत्ता सोडावी कशी, हे सांगायला बँक तुम्हाला परदेशी बोलावते आहे. जाण्यायेण्याचा खर्च त्यांचा.

"मी सत्ता सोडली नाही!" चेअरमन म्हणाले. दुभाष्याने काय सांगितलं कोण जाणे, बाईंनी टाळ्या वाजवल्या.

यंत्र आलं. चेअरमन विमानात बसून गेले आणि पंधरवड्याने भर उन्हाळ्यात कोट घालून परत आले. त्याच संध्याकाळी किटली घेऊन डेअरीवर हजर. संध्याकाळचं दूध आता घेतलं जायचं. झाकण उघडून वास घ्यायला वहिनी स्वतः उभी राहायची.

रांगेने त्यांना गराडा घातला. "काय पाहिलंत तिकडे?"

"बँक पाहिली. ही उंच इमारत! सगळ्यात वरच्या मजल्यावर तिचा मोठा साहेब बसतो. त्याच्यासमोर माझं भाषण झालं. मग मी दुभाष्याला म्हटलं, साहेबांना विचार, तुमच्याविरुद्ध कोण उभं होतं?"

"मग?"

"कोणीच नाही म्हणाला. याच्याआधीच्या साहेबाविरुद्धही नाही, त्याच्याआधीच्याही नाही. बिनविरोध!"

लोहार पुढे सरकला. "मग त्यांना यंत्र कसं मिळालं हो?"

"अरे, यंत्र त्यांचंच असतं," चेअरमन म्हणाले.

आत यंत्र घरघरत होतं.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "किटली पुढे करा. मागे माणसं खोळंबलीत."